एलएम३८८६ अँप्लिफायर किट: ग्राउंडच्या तारा कुठे जोडाव्यात आणि पहिल्यांदा वीज कशी द्यावी?

प्रश्न : स्वरवेल्हाळ

नमस्कार. एलएम३८८६ या आयसीवर आधारलेले स्टीरिओ अँप्लिफायरचे किट मी जोडायला घेतले आहे. त्यात प्रत्येक चॅनलसाठी एक असे दोन छोटे बोर्ड आहेत, आणि पॉवर सप्लायचा तिसरा बोर्ड आहे, ज्यावर एक ब्रिज रेक्टिफायर आणि १०,००० मायक्रोफॅरडचे, ५० व्होल्टचे दोन कपॅसिटर आहेत. ट्रान्सफॉर्मर टोरॉइडल जातीचा, २०० व्हीए क्षमतेचा असून त्याला २२ व्होल्टच्या दोन स्वतंत्र सेकंडरी (आउटपुटची वेटोळी) आहेत. पेटी ॲल्युमिनिअमची आहे. स्पीकर ८ ओहमचे आहेत, परंतु पुढेमागे ४ ओहमचे स्पीकर लावण्याचाही विचार आहे.

बोर्डांवरील सोल्डरिंग पूर्ण झाले आहे आणि दोन्ही आयसी हीटसिंकवर बसवल्या आहेत, पण अजून वीज दिलेली नाही. अडचण अशी आहे की, किटसोबत आलेल्या एकमेव आकृतीत ‘ग्राउंड’ असे लिहिलेल्या जागा पुष्कळ आहेत (सप्लायवर, प्रत्येक चॅनलच्या इनपुटला, प्रत्येक चॅनलच्या स्पीकरला, व्हॉल्यूम कंट्रोलला), आणि मल्टिमीटरने पाहिले तर त्या विद्युतदृष्ट्या एकच दिसतात. मग कोणती तार कुठून कुठे न्यावी याने खरोखर काही फरक पडतो का? दुसरे असे की, पेटीला अर्थिंग जोडल्यास हमिंग येते, म्हणून ते जोडू नये, असा सल्ला मला मिळाला आहे. तो मानावा का? आणि तिसरे, पहिल्यांदा वीज देताना आयसी किंवा स्पीकर जळू नयेत म्हणून कोणत्या क्रमाने जावे?

उत्तर : तांबेतार

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर सविस्तर देतो, कारण किट जोडणाऱ्यांची बहुतेक निराशा याच एका गोष्टीतून येते आणि आकृत्यांमध्ये नेमकी तीच सांगितलेली नसते. मल्टिमीटरला सगळी ग्राउंड एक दिसतात, कारण त्याला ओहमच्या हजाराव्या भागातला फरक कळत नाही. अँप्लिफायरला मात्र तो कळतो. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरमागे साधारण साडेअकरा मिलिओहम असतो, म्हणजे वीतभर तारेत सुमारे २.३ मिलिओहम. त्या तारेतून एक अँपिअरचा स्पंद गेला तर तिच्या दोन टोकांत २.३ मिलिव्होल्टचा फरक पडतो. इनपुटचे ग्राउंड जर या तारेच्या एका टोकाला आणि अँप्लिफायरचे संदर्भ-ग्राउंड दुसऱ्या टोकाला असेल, तर हा फरक संगीताच्या सिग्नलमध्येच मिसळतो आणि एकवीसपट वाढून (फीडबॅकमध्ये २० किलोओहम व १ किलोओहम असतील तर गेन तेवढाच येतो) जवळपास ५० मिलिव्होल्ट होऊन स्पीकरवर पोहोचतो. शांत खोलीत एवढा आवाज सहज ऐकू येतो.

म्हणून ग्राउंडची प्रत्येक तार जोडण्यापूर्वी तिच्यातून कोणता प्रवाह वाहणार आहे, एवढाच विचार करावा. ग्राउंडमध्ये तीन प्रकारचे प्रवाह असतात. पहिला आणि सर्वांत उपद्रवी प्रवाह कपॅसिटर भरण्याचा. ब्रिजमधील डायोड प्रत्येक अर्ध्या आवर्तनात अगदी थोडा वेळ सुरू होतात आणि तेवढ्या वेळात सगळा विद्युतभार भरून काढतात, त्यामुळे सरासरी प्रवाह थोडा असला तरी स्पंद त्याच्या कितीतरी पट उंच असतात. धन आणि ऋण बाजूंचे स्पंद सेंटर टॅपमध्ये (दोन सेकंडरींच्या मधल्या जोडात) कागदावर एकमेकांना रद्द करतात, पण दोन्ही सेकंडरी, डायोड आणि कपॅसिटर तंतोतंत सारखे कधीच नसतात, आणि संगीत सुरू असताना तर दोन्ही बाजूंवरचा भार क्षणोक्षणी वेगळा असतो, त्यामुळे शिल्लक उरतेच. दुसरा प्रवाह स्पीकरमधून परत येणारा. ८ ओहमच्या स्पीकरवर २५ व्होल्टचे शिखर आले तर तो तीन अँपिअरच्या वर जातो. तिसरा इनपुटचा, जो इतका क्षीण असतो की त्याच्या वाटेत पहिल्या दोघांपैकी कोणीही येता कामा नये.

प्रत्यक्ष जोडणी अशी करा. ट्रान्सफॉर्मरचा सेंटर टॅप थेट दोन मोठ्या कपॅसिटरांच्या मधल्या जोडावर न्या, दुसरीकडे कुठेही नेऊ नका. त्या जोडापासून एक आखूड, जाड तार काढून ती एका वेगळ्या बिंदूपर्यंत न्या. हा तुमचा स्टार. भरणाचे स्पंद कपॅसिटरच्या जोडापर्यंत येऊन तिथूनच परत फिरतात, स्टारकडे जाणाऱ्या तारेत ते शिरत नाहीत, आणि दोन बिंदू वेगळे ठेवण्याचे सगळे प्रयोजन तेवढेच आहे. दोन्ही स्पीकरांच्या काळ्या तारा अँप्लिफायरच्या बोर्डावर न नेता सरळ स्टारवर आणा. दोन्ही बोर्डांची पॉवर ग्राउंड स्वतंत्र तारांनी स्टारवर आणा. इनपुटचे ग्राउंड मात्र स्टारवर आणू नका. ते शील्डेड वायरच्या जाळीतून इनपुटच्या सॉकेटपासून व्हॉल्यूम कंट्रोलकडे आणि तिथून बोर्डाच्या इनपुट ग्राउंडकडे जाते आणि बोर्डावरूनच स्टारशी जोडले जाते. काही बोर्डांवर इनपुट ग्राउंड आणि पॉवर ग्राउंड यांच्यामध्ये १० ओहमच्या आसपासचा रेझिस्टर असतो. तो तुमच्याही बोर्डावर असेल तर चुकून तारेने शॉर्ट करू नका.

तारांच्या मांडणीबद्दलही थोडे. ट्रान्सफॉर्मरकडून येणाऱ्या तारा एकमेकींना पीळ देऊन न्याव्यात, म्हणजे त्यांची चुंबकीय क्षेत्रे बरीचशी आपसांत मिटतात. धन, ऋण आणि ग्राउंड या तिन्ही तारांची अशीच वेणी घालावी. इनपुटच्या तारा पेटीच्या दुसऱ्या बाजूने न्याव्यात आणि स्पीकरच्या तारांपासून दूर ठेवाव्यात, कारण आउटपुट इनपुटच्या जवळून गेले तर आयसी कानाला ऐकू न येणाऱ्या उच्च वारंवारतेवर दोलन करू लागते. आवाज नाही आणि हीटसिंक मात्र तापते आहे, असे दिसले की पहिला संशय त्याचाच घ्यावा.

उत्तर : मंद्रसप्तक

तांबेतार यांनी ग्राउंडचे पूर्ण सांगितले आहे, त्यामुळे मी वीज देण्याच्या क्रमाकडे वळतो.

वीज देण्यापूर्वी दोन गोष्टी मल्टिमीटरने तपासा. पहिली म्हणजे आयसीचा धातूचा पाठीमागचा भाग. एलएम३८८६ टी या प्रकारात तो आतून ऋण सप्लायला जोडलेला असतो, त्यामुळे मायका किंवा सिलिकॉनचा पॅड आणि स्क्रूभोवतीचा प्लॅस्टिकचा वायसर यांपैकी एखादा जरी सरकला, तरी अर्थ केलेल्या हीटसिंकमार्गे संपूर्ण ऋण सप्लाय शॉर्ट होतो. आयसीचा पत्रा आणि हीटसिंक यांच्यात मीटरने अजिबात जोड दाखवता कामा नये. टीएफ प्रकाराला प्लॅस्टिकचे आवरण असल्याने पॅड लागत नाही, पण त्यातून उष्णता काहीशी कमी सहजतेने बाहेर पडते. दुसरी म्हणजे मोठ्या कपॅसिटरांची दिशा. आवरणावरचा पट्टा ऋण टोक दाखवतो हे सर्वांना माहीत असते, परंतु दुहेरी सप्लायमध्ये ऋण बाजूच्या कपॅसिटरचे धन टोक ग्राउंडला येते, आणि दोन्ही कपॅसिटरांचे ऋण टोक ग्राउंडला लावण्याची चूक सर्रास होते. उलट बसलेला कपॅसिटर फुटतो, म्हणून पहिल्या वेळी डोळ्यांवर चष्मा असू द्या.

त्यानंतर एकटा ट्रान्सफॉर्मर तपासा, बाकी काहीही न जोडता. तुमच्या दोन स्वतंत्र सेकंडरीतून सेंटर टॅप तयार करण्यासाठी एकीचे शेवटचे टोक दुसरीच्या सुरुवातीच्या टोकाशी जोडावे लागते. जोडल्यावर बाहेरच्या दोन टोकांत एसी व्होल्टेज मोजा. ४४ व्होल्ट किंवा त्याहून थोडे अधिक आले तर जोडणी बरोबर आहे. शून्याच्या आसपास आले तर एक सेकंडरी उलटी आहे. टोरॉइडल ट्रान्सफॉर्मर बसवताना एक गोष्ट अतिशय जपावी. त्याच्या मधून जाणाऱ्या बोल्टचे वरचे टोक पेटीच्या झाकणाला टेकता कामा नये. ते टेकले तर बोल्ट आणि पेटी मिळून ट्रान्सफॉर्मरभोवती एक बंद वेढा तयार होतो, त्यात प्रचंड प्रवाह वाहतो आणि फ्यूज तरी जातो किंवा ट्रान्सफॉर्मर तरी.

आता वीज. फेजच्या तारेत आधी फ्यूज आणि मग स्विच असा क्रम ठेवा. २३० व्होल्टवर २०० व्हीएच्या टोरॉइडसाठी २ अँपिअरचा स्लो-ब्लो (सावकाश उडणारा) फ्यूज पुरतो, आणि जिथे वीज ११० ते १२० व्होल्टची आहे तिथे त्याच्या साधारण दुप्पट लागतो. साधा जलद फ्यूज टोरॉइडच्या सुरुवातीच्या झटक्यानेच उडेल. पहिल्या वेळी फेजच्या तारेत ६० ते १०० वॅटचा जुन्या पद्धतीचा, तारेचा बल्ब सिरीजमध्ये लावा. इथे एलईडी दिवा चालत नाही, कारण बल्बची तार तापल्यावर तिचा रोध वाढतो आणि त्यामुळेच प्रवाहाला आपोआप आळा बसतो. सर्व ठीक असेल तर बल्ब क्षणभर उजळून मंद होतो किंवा पूर्ण विझतो. तो उजळलेलाच राहिला तर ताबडतोब वीज बंद करून शॉर्ट शोधावा.

हे टप्प्याटप्प्याने करा: आधी फक्त सप्लायचा बोर्ड, मग एक चॅनल, मग दुसरा. भार नसताना तुमच्या ट्रान्सफॉर्मरवर प्रत्येक बाजूला साधारण ३२ ते ३४ व्होल्ट डीसी यायला हवेत. प्रत्येक चॅनल जोडल्यावर स्पीकर न लावता, इनपुट शॉर्ट ठेवून आउटपुटवरील डीसी व्होल्टेज मोजा. ते ५० मिलिव्होल्टच्या आत असावे. फीडबॅकच्या वाटेत ग्राउंडकडे कपॅसिटर असलेल्या किटमध्ये ते बहुधा याहून बरेच कमी निघते. आउटपुटवर कित्येक व्होल्ट दिसत असतील तर स्पीकर मुळीच जोडू नका, कारण डीसी प्रवाह स्पीकरची कॉइल जाळून टाकतो आणि फ्यूजला त्याची दखल घ्यायलाही वेळ मिळत नाही. पहिला स्पीकर टाकाऊ असलेलाच बरा.

सगळी व्होल्टेज बरोबर आहेत आणि तरीही आवाज नाही, असे झाले तर आयसी खराब समजून उपटू नका. या आयसीची आठ क्रमांकाची पिन म्यूटची आहे आणि तिच्यातून किमान अर्धा मिलिअँपिअर प्रवाह ऋण सप्लायकडे गेल्याशिवाय आयसी बोलत नाही. ३३ व्होल्टच्या सप्लायवर त्या जागेचा रेझिस्टर ६० किलोओहमच्या वर असता कामा नये. काही किटमध्ये ही जागा स्विचसाठी मोकळी सोडलेली असते आणि जोडणाऱ्याच्या ते लक्षात येत नाही.

वीज बंद केल्यावरही १०,००० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर भरलेलेच राहतात. प्रत्येक कपॅसिटरला समांतर २.२ किलोओहमचा, २ वॅटचा रेझिस्टर कायमचा लावून टाका, म्हणजे साधारण दोन मिनिटांत ते रिकामे होतील. पेचकसाने शॉर्ट करून कपॅसिटर रिकामे करण्याची पद्धत वाईट आहे, कारण त्यामुळे कपॅसिटर, पेचकस आणि पीसीबीवरचा तांब्याचा पट्टा या तिघांनाही इजा होते.

उत्तर : शांतनाद

अर्थिंग न जोडण्याचा सल्ला कृपया मानू नका. मी हे आग्रहाने सांगत आहे. तुमची पेटी धातूची आहे. ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीचे इन्सुलेशन कधी निकामी झाले किंवा स्विचवरची फेजची तार निसटून पेटीला लागली, तर अर्थिंग असताना मोठा प्रवाह जमिनीकडे जाऊन फ्यूज उडतो. अर्थिंग नसताना पेटी, व्हॉल्यूमची मूठ आणि इनपुटच्या सॉकेटमार्गे जोडलेले प्रत्येक उपकरण फेजच्या व्होल्टेजवर येते आणि हात लावणाऱ्याची वाट पाहत राहते. अर्थिंगची तार इनलेटच्या शेजारी, रंग खरवडून काढलेल्या जागी, स्वतंत्र बोल्टने, दातेरी वायसर आणि दोन नट लावून घट्ट करा, आणि त्या बोल्टचा दुसऱ्या कशासाठीही वापर करू नका. मेन्सच्या स्क्रूच्या टर्मिनलमध्ये जाणाऱ्या मऊ तारेच्या टोकाला सोल्डरही लावू नका. सोल्डर दाबाखाली हळूहळू पसरते आणि काही महिन्यांनी स्क्रू सैल पडतो. त्याऐवजी क्रिंप केलेले लग वापरावे. अर्थिंग जोडल्यावर हमिंग आलेच, तर ते अर्थिंगच्या वळशाचे (ग्राउंड लूपचे) लक्षण असते आणि त्यावर वेगळा इलाज आहे. गरज पडल्यास तो सांगेन.

४ ओहमच्या स्पीकरांबद्दल मला इशारा द्यावासा वाटतो, कारण किटच्या पानावर ते सहसा बिनदिक्कत ‘चालतात’ असे लिहिलेले असते. ±२८ व्होल्टवर ही आयसी ४ ओहमला ६८ वॅट आणि ८ ओहमला ३८ वॅट देऊ शकते. पण तुमचा सप्लाय ±३३ व्होल्टच्या आसपास आहे. या व्होल्टेजवर आयसीत जास्तीत जास्त किती उष्णता निर्माण होईल याचे गणित केले, तर ८ ओहमला प्रत्येक आयसीमागे सुमारे २८ वॅट येतात आणि ४ ओहमला सुमारे ५५. आयसीच्या आतला सिलिकॉनचा तुकडा १५० अंश सेल्सिअसच्या खाली ठेवायचा आहे आणि पेटीतली हवा ४० अंशांची आहे असे धरले, तर ८ ओहमसाठी प्रत्येक आयसीला वॅटमागे सुमारे २.४ अंशांचे (म्हणजे प्रत्येक वॅट उष्णतेला तेवढेच अंश तापणारे) हीटसिंक पुरते, परंतु ४ ओहमसाठी अर्ध्या अंशाचे लागते, जे तुमच्या पेटीएवढेच मोठे होईल. प्रत्यक्ष संगीतात सरासरी भार बराच कमी असतो हे खरे आहे, तरीही जोरात ऐकताना आयसीचे अंतर्गत संरक्षण मधेच काम करू लागेल आणि आवाज फाटेल. ४ ओहमचे स्पीकर नक्की लावायचे असतील तर १८ व्होल्टच्या सेकंडरीचा ट्रान्सफॉर्मर घ्यावा, असे माझे मत आहे.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद : स्वरवेल्हाळ

तिघांचेही मनापासून आभार. सांगितलेल्या क्रमाने गेलो. बल्ब क्षणभर उजळून विझला, सप्लाय ±३३ व्होल्ट आला आणि दोन्ही चॅनलच्या आउटपुटवर २० मिलिव्होल्टहून कमी डीसी मिळाले. संगीत स्वच्छ वाजते. परंतु व्हॉल्यूम शून्यावर असतानाही दोन्ही स्पीकरमधून एक किरकिरी घरघर येते आणि व्हॉल्यूम वाढवल्याने ती बदलत नाही. इनपुटला काहीही जोडलेले नाही. लॅपटॉप चार्जरसह जोडला तर या घरघरीच्या जोडीला आणखी एक जड, गुळगुळीत गुणगुण ऐकू येते. सेंटर टॅप मी स्टारच्या बोल्टवर आणला आहे आणि तिथून सप्लायच्या बोर्डाकडे तार नेली आहे, कारण सप्लायच्या बोर्डावर त्यासाठी दुसरी जागा नव्हती.

उत्तर : तांबेतार

तुम्ही आवाजांचे वर्णन इतके नेमके केले आहे की निदान सोपे झाले. हे दोन वेगळे दोष आहेत. किरकिरी घरघर ही रेक्टिफायरची, म्हणजे ५० हर्ट्झच्या विजेवर १०० हर्ट्झची आणि तिच्या पटींची. स्पंद टोकदार असल्याने ती कर्कश लागते. जड गुणगुण ही ५० हर्ट्झची आणि ती बाहेरून येते. पहिली घरघर इनपुट मोकळे असतानाही येते आणि व्हॉल्यूमने बदलत नाही, याचा अर्थ ती व्हॉल्यूम कंट्रोलच्या पुढे, पेटीच्या आतच शिरते आहे.

तिचे कारण तुमच्या शेवटच्या वाक्यात आहे. स्टारपासून सप्लायच्या बोर्डाकडे जाणारी तार आता भरणाच्या स्पंदांची वाट झाली आहे, आणि तुमचे स्पीकर व दोन्ही बोर्ड त्या वाटेच्या एका टोकाला टांगलेले आहेत. सेंटर टॅप स्टारवरून काढा. बोर्डावर वेगळी जागा नसली तरी पीसीबीच्या खालच्या बाजूने दोन कपॅसिटरांच्या पायांमधल्या तांब्याच्या पट्ट्यावर तो थेट सोल्डर करता येतो, फक्त तार ओढली जाऊ नये म्हणून तिला बोर्डाशी बांधून ठेवा. स्टारकडे जाणारी तार त्याच पट्ट्यावरून काढा, पण सेंटर टॅप जिथे येतो त्याच्या पलीकडच्या बाजूने.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद : स्वरवेल्हाळ

सेंटर टॅप हलवल्यावर घरघर गेली. कान स्पीकरला लावला तर फक्त हलकी सरसर ऐकू येते. लॅपटॉपची गुणगुण मात्र तशीच आहे, आणि चार्जर काढला की तीही थांबते.

उत्तर : शांतनाद

चार्जर काढल्यावर थांबते, म्हणजे तो अर्थिंगचा वळसाच आहे. लॅपटॉप चार्जरमार्गे अर्थशी जोडलेला आहे, तुमचा अँप्लिफायरही अर्थशी जोडलेला आहे, आणि सिग्नलच्या केबलची जाळी या दोघांना तिसऱ्या वाटेने जोडते. या वेढ्यातून फिरणाऱ्या प्रवाहामुळे जाळीच्या दोन टोकांत जो व्होल्टेजचा फरक पडतो, तो अँप्लिफायरला सिग्नलच वाटतो.

इलाज असा. पेटीला जोडलेले अर्थिंग आहे तसेच, थेट आणि घट्ट राहू द्या. बदल करायचा तो फक्त स्टार आणि पेटी यांच्या मधल्या जोडात. तिथे सध्या साधी तार असेल तर ती काढून १० ओहमचा रेझिस्टर, त्याला समांतर ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, आणि त्याला समांतर किमान ३५ अँपिअरचा धातूच्या आवरणाचा ब्रिज रेक्टिफायर लावा. ब्रिजची धन आणि ऋण टोके एकमेकांना जोडा आणि एसीच्या दोन टोकांपैकी एक स्टारला, एक पेटीला न्या. वळशातले व्होल्टेज व्होल्टच्या छोट्या अंशाएवढे असते, तेवढ्यात डायोड सुरू होत नाहीत आणि प्रवाहाला १० ओहमची वाट घ्यावी लागते, त्यामुळे गुणगुण जवळपास नाहीशी होते. आत खरा बिघाड होऊन सप्लायवर मेन्सचे व्होल्टेज आले, तर डायोड तत्काळ सुरू होऊन तो प्रवाह पेटीमार्गे अर्थकडे नेतात आणि फ्यूज उडतो. म्हणूनच ब्रिज लहान घेऊन चालत नाही. फ्यूज उडेपर्यंतचा मोठा प्रवाह त्याला न तुटता सोसावा लागतो.

हे बसवूनही गुणगुण कायम राहिली, तर इनपुटचे सॉकेट पेटीला टेकत आहेत का ते पाहा. त्यांना प्लॅस्टिकचे वायसर दोन्ही बाजूंनी हवेत. तपासणी अशी करा: प्लग काढून, सर्व बाहेरच्या केबल काढून, सॉकेटचे बाहेरचे कडे आणि पेटी यांच्यातला रोध मोजा. तो १० ओहमच्या आसपास यायला हवा. शून्य आला तर सॉकेट, व्हॉल्यूम कंट्रोलला जोडलेली शील्डची जाळी किंवा स्पीकरचे काळे टर्मिनल यांपैकी काहीतरी पेटीला लागले आहे, आणि ते सापडेपर्यंत एकेक तार सोडून मोजत जावे.